जितेश उतेकर वेबसाइट बसवतो

जितेश उतेकरला कॉम्प्युटरमधलं कळतं, हा गैरसमज त्याच्या कारखान्यात एका प्रिंटरमुळे पसरला. महाड एमआयडीसीतल्या औषधांच्या कारखान्यात तो सेफ्टी खात्यात होता. हेल्मेट वाटायची, गमबुटांचे जोड लावायचे, वाऱ्याने तिरक्या झालेल्या सूचनांच्या पाट्या सरळ करायच्या, असली कामं. एक दिवस खात्याचा प्रिंटर अडून बसला. मुंबईहून माणूस येईपर्यंत त्यावर कापड टाकून ठेवायचं ठरलं होतं. जितेशने सहज त्याची पिन उपसली, फुंकर मारली आणि परत खोचली. प्रिंटर घरघरायला लागला.

"उतेकर, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात!" सेफ्टी ऑफिसर साहेब म्हणाले.

"साहेब, मी फक्त पिन लावली," एवढं त्याने म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, "ड्रायव्हरचा प्रॉब्लेम होता."

ड्रायव्हर म्हणजे काय हे त्याला अजिबात ठाऊक नव्हतं. शब्द त्याने महाडच्या एसटी स्टँडजवळ राजेशच्या सायबर कॅफेत ऐकला होता आणि तो बोलायला भारी वाटतो म्हणून लक्षात ठेवला होता. आज हा किस्सा सांगताना तो स्वतःच म्हणतो, "माझं सगळं शिक्षण असंच. आधी शब्द, मग अर्थ. मधल्या काळात फजिती."

त्या दिवसापासून कारखान्यात कुणाचा माऊस हलेनासा झाला की उतेकरला हाक. जितेशने एक पेनड्राइव्ह घेतला आणि तो दोरीने गळ्यात अडकवून फिरायला लागला. त्यात बायकोच्या चुलत बहिणीच्या लग्नाचे फोटो होते, पण ते बाहेरून दिसत नाहीत.

दोन हजार सात साली मार्चमध्ये सेफ्टी वीकचा कार्यक्रम झाला. त्याआधी थोडे दिवस कारखान्यातला एक वेल्डर हायवेवर मोटारसायकलवरून पडला होता. त्याला रक्त हवं होतं, आणि ते मिळवायला माणसं शिफ्ट सुटताना गेटवर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याचा गेटपास उलटा करून बघत होती, कारण रक्तगट पासाच्या मागे छापलेला असतो. वेल्डर वाचला. पण साहेबांनी भाषणात विचारलं, "यावर कुणाला काही कायमचा उपाय सुचतो का?"

जितेशचा हात वर गेला. का गेला, हे त्याला अजून सांगता येत नाही. "साहेब, वेबसाइट काढू. एमआयडीसीतल्या सगळ्या कारखान्यांच्या पोरांचे रक्तगट त्यात घालायचे. कुणीही बघावं, फोन लावावा."

टाळ्या पडल्या. पाहुण्यांसाठी आणलेली एक शाल उरली होती, ती साहेबांनी तिथल्या तिथे जितेशच्या खांद्यावर टाकली.

बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीवर तो शालीसकट गेला. माधुरी, म्हणजे त्याची बायको, तांदूळ निवडत होती.

"काय केलंत म्हणून शाल दिली?"

"केलं नाही अजून. करणार आहे म्हणून."

माधुरीने शालीचं टोक बोटांनी चाचपलं. "आधी देतात होय? मग आता करावंच लागेल."

करावंच लागलं. राजेशच्या कॅफेत बसून त्याने शोधलं तर रक्तदात्यांची नोंद ठेवणारा एक फुकटचा प्रोग्राम परदेशातल्या कुणा भल्या माणसाने करून ठेवलेला सापडला. ‘पाच मिनिटांत बसतो’ असं त्यावर लिहिलं होतं. ते वाचून जितेश इतका खूश झाला की त्याने राजेशला भजी खायला घातली. वेबसाइटचं सामान दूरच्या एखाद्या मशीनवर जागा भाड्याने घेऊन ठेवावं लागतं. त्याला होस्टिंग म्हणतात. कारखान्याने त्यातली सर्वांत स्वस्त जागा घेऊन दिली. शेअर्ड, म्हणजे एका मशीनवर शेकडो बिऱ्हाडं.

मग जितेशने प्रोग्रामसोबत आलेलं सूचनांचं पान उघडलं. पहिलीच ओळ होती: रूट म्हणून आत शिरा.

"रूट म्हणजे?" राजेशने विचारलं. कॅफे त्याचं असलं तरी त्याचा जीव रमायचा पत्त्यांच्या खेळात.

"रूट म्हणजे मूळ," जितेश म्हणाला. "मुळातून शिरायचं."

मुळातून शिरायला पासवर्ड लागत होता. तो जितेशकडे नव्हता. त्याने होस्टिंग कंपनीला इंग्रजीत मेल लिहिली. मराठीत सांगायचं तर तिचा भावार्थ असा होता: आम्ही सेफ्टी खात्यातर्फे लिहीत आहोत, विषय रक्ताचा आहे, तरी कृपया रूटचा पासवर्ड विनाविलंब पाठवावा.

उत्तर आलं, खाली सही प्रियदर्शिनी, ग्राहक साहाय्य विभाग. सर, शेअर्ड होस्टिंगवर रूट देता येत नाही.

जितेशला वाटलं, हे सरकारी ऑफिसासारखं आहे, पहिल्यांदा नाही म्हणायची पद्धत असणार. त्याने दुसरी मेल लिहिली, जास्त जाड शब्दांची. उत्तर तेच, जास्त मऊ शब्दांत. तिसऱ्या मेलमध्ये त्याने ‘मानवतेच्या दृष्टीने’ असं लिहिलं. चौथ्या वेळी तो थेट साहेबांकडे गेला आणि म्हणाला, "साहेब, कंपनी सहकार्य करत नाही. तुमचा फोन गेला तर वजन पडेल."

साहेबांनी फोन लावला. बराच वेळ ते नुसतं "अच्छा, अच्छा" म्हणत राहिले. मग फोन ठेवून चष्म्यावरून त्यांनी जितेशकडे पाहिलं.

"उतेकर, रूट म्हणजे त्या अख्ख्या मशीनचा मालक. तुम्ही त्यांच्याकडे मालकी मागत होता?"

"येतो साहेब," म्हणून जितेश बाहेर पडला. घरी आल्यावर मात्र त्याने माधुरीपुढे कंपनीच्या नावाने बोटं मोडली. माधुरी म्हणाली, "आपण ही खोली भाड्याने घेतली म्हणून घरमालकाच्या देवघरात जाऊन मांडी घालतो का? आपल्या खोलीत काय मांडायचं ते मांडा की."

हे तिने कॉम्प्युटरबद्दल म्हटलं नव्हतं, नुसतं त्याची बडबड थांबावी म्हणून म्हटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी त्याने कसलंही वजन न टाकता प्रियदर्शिनीला फोन केला, तर ती मराठी निघाली, नाशिककडची, आणि जवळजवळ तेच म्हणाली.

"सर, तुम्हाला रूट लागतच नाही. सूचना लिहिणाऱ्याचं स्वतःचं मशीन होतं, म्हणून त्याने तसं लिहिलंय. तो जी लायब्ररी, म्हणजे मदतीच्या फायलींचा गठ्ठा, मशीनमध्ये बसवायला सांगतो ना, ती तुमच्या फोल्डरमध्येच ठेवायची आणि प्रोग्रामला सांगायचं, बाबा रे, इथे बघ."

"सांगायचं कसं?"

"एक ओळ असते, सर. मी पाठवते."

"मॅडम, पहिल्याच मेलला हे सांगितलं असतं तर?"

"सर, पहिल्या मेलमध्ये तुम्ही काय करायचंय ते लिहिलंच नव्हतं. फक्त पासवर्ड मागितला होता."

जितेशने गळ्यातला पेनड्राइव्ह शर्टाच्या आत टाकला.

मग पाच मिनिटांचं काम सुरू झालं. ते एप्रिल आणि मे असं चाललं. सुट्टीच्या दिवशी जितेश राजेशच्या कॅफेत कोपऱ्यातल्या कप्प्यात बसायचा. प्रोग्रामच्या फायली एकेक करून वर चढायच्या. कॅफेतली लाइन चढावर दमलेल्या बैलासारखी चाले, आणि फायली अर्ध्यावर आल्या की भारनियमनाची वेळ व्हायची. पंखा थांबायचा, पडदा काळा व्हायचा, आणि शेजारच्या कप्प्यातला कुणीतरी आईवरून शिवी घालायचा. लाइट आली की पुन्हा पहिल्यापासून.

सगळं चढल्यावर पान उघडलं तर पांढऱ्या पडद्यावर एक ओळ आली: पाचशे नंबरची चूक, व्यवस्थापकाशी संपर्क साधा.

"व्यवस्थापक कोण?" राजेशने विचारलं.

"मीच," जितेश म्हणाला.

ती चूक गेली तर दुसरी आली. डेटाबेस, म्हणजे नोंदींची वही, सापडत नाही. जितेशने त्याला ‘रक्तदान’ नाव दिलं होतं, सूचनांत जिथे म्हणून सांगितलं तिथे ते इमानदारीत टाइप केलं होतं, तरी सापडत नाही म्हणजे काय? त्याने तो पुसून नवा केला. तोही सापडेना. असे त्याने किती रक्तदान पुसले देव जाणे. शेवटी पुन्हा फोन.

"सर, शेअर्डवर डेटाबेसच्या नावाआधी तुमच्या खात्याचं नाव आपोआप लागतं. तुम्ही नुसतं नाव लिहिताय. आडनावासकट लिहा."

पोलादपूरच्या वरच्या अंगाला जितेशचं गाव. तिथे नुसतं जितेश म्हणून विचारलं तर माणसं "कुठला?" म्हणतात, हे त्याला जन्मापासून माहीत होतं. तरी हे सुचलं नव्हतं.

आडनाव लावलं, डेटाबेस सापडला. आता फक्त नोंद केलेली माहिती साठत नव्हती. परवानगी नाही, असं मशीन म्हणत होतं. परवानगी या शब्दाचा त्याला रूटच्या वेळेपासूनच राग येऊन बसला होता. कुठल्याशा परदेशी चर्चेत त्याने वाचलं की सगळ्या फोल्डरांना सातशे सत्त्याहत्तर हा आकडा दिला की कुरबुर थांबते. त्या आकड्याचा अर्थ, कुणीही यावं, काहीही लिहावं. जितेशने अर्थ न बघता तो आकडा वरपासून खालपर्यंत सगळ्यांना वाटला, हेल्मेट वाटावीत तसा. आणि काय चमत्कार! सगळं चाललं. त्याने पहिली नोंद करून बघितली, स्वतःचीच: उतेकर जितेश, ए निगेटिव्ह, मोबाइल नंबर. नोंद साठली. तो खुर्चीतून उठून इतक्या जोरात "बसली!" म्हणून ओरडला की राजेशने गल्ल्यावरून मान वर करून विचारलं, "कोण?"

उद्घाटन जूनमध्ये ठरलं. शेजारच्या कारखान्यांचे साहेब आले, प्रोजेक्टर लावला, समोर भिंतीवर पांढरी चादर ताणली. जितेशने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि माधुरीने शिकवल्याप्रमाणे भाषण सावकाश केलं. मग त्याने पत्ता टाइप केला आणि बाजूला होऊन चादरीकडे हात केला, एखाद्या नाटकातल्या सूत्रधारासारखा.

चादरीवर पुरुषांची ताकद वाढवणाऱ्या गोळ्यांची जाहिरात आली. निळ्या गोळ्या, ताटलीएवढ्या. शेजारी एक परदेशी जोडपं समाधानाने हसत होतं.

मग शेजारच्या कारखान्याच्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या कंपनीचं नवीन प्रॉडक्ट का?"

पुढचं जितेशला नीट आठवत नाही, आठवू नये अशी त्याची इच्छाही आहे. धोंडू नावाच्या वॉचमनने प्रोजेक्टरच्या तोंडावर टोपी धरली, एवढं आठवतं. पुढे कित्येक महिने कारखान्यात जितेश दिसला की कुणीतरी विचारायचं, "उतेकर, गोळ्या आल्या का?" आणि तो म्हणायचा, "संपल्या. साहेबांनीच नेल्या." असं म्हणायला लागल्यावर विचारणारे हळूहळू कमी झाले.

प्रियदर्शिनी मात्र हसली नाही. निदान फोनवर तरी नाही. "सर, सगळी दारं उघडी ठेवलीत. कुणीतरी आत येऊन आपलं दुकान मांडून गेलं. आता पुसा सगळं आणि नव्याने बसवा. आणि या वेळी प्रत्येक पायरीला मला नाही, स्वतःला विचारा, हे मी का करतोय?"

जितेशने पुसलं आणि नव्याने बसवलं. या खेपेला शब्द कळेपर्यंत तो पुढच्या ओळीवर गेलाच नाही. कुठल्या फोल्डरला कुणी लिहायचं, कुठल्याला फक्त वाचायचं, हे त्याने एकेकाला ठरवून दिलं. लायब्ररी आपल्या घरात, पासवर्ड कुणाच्या हाताला लागणार नाही अशा जागी. जाहिरात परत आली नाही. या वेळी टाळ्या नव्हत्या, चादर नव्हती. त्याने साहेबांना जाता जाता सांगितलं, "साहेब, चालू आहे." साहेब म्हणाले, "आधी तुम्ही एकटे बघा. मग आम्ही बघू."

मग तो गेटवर उभा राहून पोरांची नावं गोळा करू लागला. बिरवाडीत भाड्याने राहणारी पोरं, बसने येणारी, मोटारसायकलवर तिघं तिघं येणारी. बरेच जण म्हणायचे, "भाऊ, नाव घाला, पण गोळ्यांच्या यादीत नको."

सप्टेंबरात एका दुपारी महाडच्या एका खासगी दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. वरच्या डोंगरातल्या धनगरवाड्याची एक पोर, सुप्रिया ढेबे, बाळंत झाली होती. रक्त फार गेलं होतं. गट ए निगेटिव्ह, दवाखान्याच्या साठ्यात नव्हता, संध्याकाळच्या आत दोन बाटल्या हव्या होत्या. "तुमची ती वेबसाइट आहे ना?" बाई म्हणाल्या. "उघडत नाहीये इथे. आमच्याकडे लाइट नाही."

जितेश साहेबांना सांगून मोटारसायकलवर निघाला तो थेट राजेशच्या कॅफेत. लाइट होती. पान उघडलं. ए निगेटिव्ह टाकून त्याने बटण दाबलं. जन्मात पहिल्यांदा ती वेबसाइट खऱ्या कामासाठी शोधत होती, आणि तिने हूं की चूं न करता तीन नावं काढून दिली.

पहिल्याला फोन लावला. तो नोकरी सोडून वापीला गेला होता. दुसरा पोलादपूरला घरी होता. "निघतो भाऊ, पण गाडी मिळायला वेळ लागेल," म्हणाला. तिसरं नाव होतं उतेकर जितेश.

आता एक गोष्ट सांगायला हवी. जितेश सुईला घाबरायचा. साधासुधा नाही, लहानपणी देवीच्या लसीला माडीवर लपून बसलेला माणूस तो. कारखान्यात दर वर्षी रक्तदान शिबिर व्हायचं आणि दर वर्षी जितेश बिस्किटं वाटायच्या टेबलावर असायचा. "व्यवस्था बघायला कुणीतरी लागतंच," असं त्याचं म्हणणं. ती नोंद त्याने केली होती प्रोग्राम चालतो का ते बघायला, आणि पुन्हा बसवल्यावर सवयीने परत केली होती. रक्त देण्याचा त्यात काही विचार नव्हता.

त्याने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तीच तीन नावं.

"काय झालं?" राजेशने विचारलं. "परत एरर?"

"नाही," जितेश म्हणाला. "या वेळी बरोबर चालतंय, तेच झालंय."

दवाखान्याच्या पायरीवर सुप्रियाचा सासरा, येसाजी ढेबे, काठी आडवी टाकून बसला होता. जितेशला पाहून उठला.

"तुमी इंटरनेटवालं का?"

"हो बाबा."

"माणूस गावला?"

"एक पोलादपूरवरनं निघालाय."

"आन् दुसरा?"

जितेशने घसा खाकरला. "दुसरा... आलाय."

येसाजीने त्याच्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. मग त्याने जितेशकडे खालून वर पाहिलं, बाजारात जनावर पारखावं तसं. "अंगानं बारीक हाय, पर चालंल," असं काहीतरी तो पुटपुटला.

आत खाटेवर आडवं झाल्यावर जितेशला छताचा पंखा दिसू लागला आणि त्याला दरदरून घाम फुटला. नर्सने दंडाला रबर बांधलं. येसाजी आत आला होता, त्याला कुणी अडवलं नव्हतं. त्याने आपला खरखरीत तळवा जितेशच्या कपाळावर ठेवला आणि तो हळूहळू थोपटू लागला. "हां रं हां. डोळं मीट. काय नाय व्हत. हां रं हां."

हा आवाज जितेशने ऐकलेला होता. डोंगरात म्हशी विताना, पाय झाडत असल्या की माणसं त्यांच्याशी असंच बोलतात. आपल्याशी म्हशीच्या भाषेत बोलतायत याचं वाईट वाटून घ्यावं की नाही हे ठरवत असतानाच त्याची शुद्ध गेली.

शुद्धीवर आला तेव्हा हातावर कापसाचा बोळा होता आणि नर्स चहा धरून उभी होती. रक्त व्यवस्थित निघालं होतं. दाता सोडून सगळं व्यवस्थित होतं. थोड्या वेळाने पोलादपूरचा पोरगाही पोचला आणि सुईकडे बघत बघतच, मोबाइलवर बोलत रक्त देऊन गेला. जितेशने त्याच्याकडे न बघता बिस्किट खाल्लं.

सुप्रिया वाचली. मुलगी झाली होती, तीही ठणठणीत.

घरी माधुरीला त्याने सगळं सांगितलं, बेशुद्धीसकट. लपवलं असतं तर बिरवाडीत ते दुसऱ्या दिवशी कळलंच असतं. माधुरी आधी हसली, मग तिने त्याचा हात उलटा करून सुईची जागा बघितली आणि त्याच्या ताटात भाकरीवर तुपाची धार धरली.

वेबसाइट पुढे काही वर्षं चालली. खरं सांगायचं तर दवाखान्यांतून ती फारसं कुणी उघडत नसे. तिच्या तळाशी जितेशचा नंबर होता, तो लोकांनी भिंतीवर लिहून ठेवला आणि गरज लागली की सरळ त्यालाच फोन करू लागले. तो कॅफेत पळायचा, शोधायचा, फोन लावायचा. पुढे पुढे त्याला कॅफेतही जावं लागेना, कुणाचा कोणता गट ते तोंडपाठ झालं. "एवढा खटाटोप करून मी मशीनवर प्रोग्राम बसवला," तो म्हणतो, "आणि शेवटी बसला माझ्यात." प्रियदर्शिनीने ती नोकरी सोडली तेव्हा त्याला तिची एक मेल आली: सर, तुमची साइट मी अधूनमधून बघते, छान चालू आहे. त्यावर काय लिहावं हे त्याला सुचेना, म्हणून त्याने ‘धन्यवाद मॅडम’ एवढंच लिहिलं, आणि पाठवल्यावर खूप काही सुचलं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर येसाजीचा निरोप आला होता. वाड्यावरच्या पोरांची नावंही घालायची होती. दवाखान्याची एक नर्स गट तपासायचं सामान घेऊन सोबत निघाली आणि दोघं पोलादपूरच्या वर रस्ता संपेपर्यंत गाडीने, मग पायवाटेने चढत गेले. वाड्यावर वीज नव्हती. गोठ्याच्या पडवीत पोरं रांगेने बसली, बोटं पुढे करून. येसाजीने जितेशचा हात धरून सगळ्यांना ओळख करून दिली.

"ह्यो इंटरनेटवाला. आपल्या सुनंला ह्यानं रगात दिलं. दिलं आन् झोपला."

पडवी हसून हसून लोटपोट झाली. जितेशही हसला, जरा जास्तच जोरात. तेवढ्यात येसाजीची बायको रंगूबाई आतून पितळेचा भला मोठा पेला घेऊन आली, म्हशीच्या धारोष्ण दुधाने काठोकाठ भरलेला. जितेशला दूध आवडत नव्हतं, साय असलेलं तर मुळीच नाही. तो म्हणाला, "आजी, नको, मी आत्ताच..."

"नको काय, बाला?" रंगूबाईने पेला त्याच्या हातात कोंबला. "अंगात रगात हाय कुठं तुज्या? पी गुमान."

पोरं बघत होती. नर्स बघत होती. कोपऱ्यात सुप्रिया मांडीवरच्या मुलीला थोपटत पदराआड हसत होती. जितेशने डोळे मिटले आणि पेला तोंडाला लावला.